पेनबरोबर आलेले तीन भाऊ : एका वेल्श घराण्याच्या शोधाचं प्रकरण

(नावं आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.)

पार्श्वभूमी

थोरल्याचं लग्न पेनसिल्व्हेनियात झालं. मुलगी तिथलीच. कन्यादानाच्या संकल्पाला गुरुजींनी व्याह्यांना तीन पिढ्यांची नावं विचारली. गोत्राचा प्रश्न काश्यप सांगून मिटला होता. वडिलांचं नाव त्यांनी सांगितलं, आजोबांचंही सांगितलं, पणजोबांपाशी अडले. ‘एव्हन्स,’ एवढंच म्हणाले आणि ओशाळून विहीणबाईंकडे पाहू लागले. गुरुजींनी तेच आडनाव मंत्रात बसवून वेळ मारून नेली.

दोन दिवसांनी व्याही एक पत्र्याची पेटी घेऊन मुलाच्या घरी हजर. मी तीस वर्षं भूमी अभिलेख खात्यात काढली हे त्यांना सुनेकडून कळलं होतं. ‘तुम्हाला जुने कागद वाचता येतात ना?’ असं त्यांनी विचारलं. येतात म्हटलं, पण सातबारा आणि फेरफार, तुमचे नाहीत. तरी पेटी उघडली.

आत तीन गोष्टी होत्या. घरातलं बायबल, त्याच्या कोऱ्या पानांवर १८११ पासूनचे जन्म-मृत्यू. एका दगडी घराचा पिवळा पडलेला फोटो. आणि त्यांच्या आजीने १९२० च्या सुमारास टाइप करून ठेवलेली सहा पानं. त्या पानांत म्हटलं होतं की आपलं घराणं वेल्समधल्या पोविसच्या राजकुळातलं; तीन भाऊ १६८२ साली पेनसिल्व्हेनिया वसवणाऱ्या विल्यम पेनबरोबर ‘वेलकम’ जहाजातून आले आणि ब्रिन मॉर गावी राहिले.

पेनसिल्व्हेनियात वेल्श लोक आले ही गोष्ट खरीच आहे. वेल्समधले क्वेकर (पाद्री न मानणारा एक ख्रिस्ती पंथ; त्यांच्या मंडळीला ‘सभा’ म्हणतात) १६६० नंतर दंड आणि तुरुंगवास सोसत होते. १६८१ मध्ये त्यांच्यातले काही जण पेनला भेटले आणि ४०,००० एकरांची सलग जमीन त्यांनी ठरवली. तिथे आपला कारभार आपल्या भाषेत चालेल असं त्यांना तोंडी आश्वासन मिळालं. तोंडीच. मोजणी झाली, मेरिअन, हॅवरफोर्ड, रॅडनर ही गावं वसली, पण १६९० पर्यंत तो वेगळा कारभार हातातून निसटला आणि मोकळी जमीन इतरांनाही मिळू लागली. लेखी न घेतलेल्या शब्दाचं काय होतं हे मला खात्यात राहून चांगलं माहीत आहे.

अडचण

आजीच्या सहा पानांतलं एकेक विधान तपासायला घेतलं तेव्हा पहिल्याच आठवड्यात तीन खुंट्या निखळल्या.

ब्रिन मॉर गावाचं नाव १८६९ पर्यंत हम्फ्रीजव्हिल होतं. रेल्वे कंपनीने स्टेशनला भारदस्त वेल्श नाव दिलं आणि तेच गावाला चिकटलं. रोलँड एलिस नावाचा वेल्श क्वेकर १६८६ मध्ये आला आणि त्याने आपल्या मूळ घराच्या आठवणीने इथल्या वाडीला ब्रिन मॉर म्हटलं होतं हे खरं, पण एव्हन्स कुटुंबाचा त्या वाडीशी संबंध दाखवणारा एकही कागद नव्हता. आजीने आपल्या काळातलं गाव मागच्या काळात नेऊन ठेवलं होतं.

‘वेलकम’ची प्रवाशांची सरकारी यादी शिल्लकच नाही. जी यादी फिरते ती नंतरच्या अभ्यासकांनी इकडून तिकडून जुळवलेली. वेल्श माणूस इंग्लंडच्या राजाचाच प्रजाजन असल्यामुळे त्याची नोंद ठेवायची कुणाला गरजही वाटली नाही. पेनसिल्व्हेनियात जहाजावरून उतरणाऱ्यांच्या याद्या १७२७ पासून ठेवल्या गेल्या, त्याही जर्मनांसारख्या परक्या लोकांच्या. म्हणजे ‘जहाजाची यादी शोधू’ हा व्याह्यांचा पहिला बेत मुळातच बाद.

आणि तीन भाऊ! अमेरिकेतल्या निम्म्या घराण्यांत तीन भाऊच आलेले असतात. आपल्याकडे नाही का, प्रत्येक घराण्याचा मूळपुरुष कुठल्या तरी लढाईनंतर वतन मिळवून गावात येतो?

इंटरनेटवर या घराण्याचे बरेच वंशवृक्ष तयार होते. सगळ्यांच्या मुळाशी १६८२ चा एक ‘इव्हान एव्हन्स’. एका वृक्षात मुलाच्या जन्माच्या वेळी आईचं वय नऊ वर्षं निघालं. तोच वृक्ष बाकीच्यांनी उतरवून घेतला होता, नऊ वर्षांच्या आईसकट.

समोर असलेले पर्याय

मी सहा महिन्यांच्या व्हिसावर होते, त्यामुळे चर्चा फार लांबवता येत नव्हती. वेल्समध्ये कुणी जाणकार नेमावा, असं सुनेचं मत. पण त्याला सांगणार काय? गाव माहीत नाही, बापाचं नाव माहीत नाही. डीएनए तपासणी करावी, असं मुलाचं मत. तिसरा मार्ग माझा: घरातल्या शेवटच्या पक्क्या कागदापासून, म्हणजे १८११ पासून, एकेक पायरी मागे जायचं आणि पायरी सापडल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

व्याह्यांना हे रटाळ वाटलं. त्यांना राजा हवा होता, आणि राजा वरच्या टोकाला असतो. त्यांनी माझ्या मार्गाला हो म्हटलं आणि गुपचूप डीएनएचा संचही मागवला. निकाल आला तेव्हा त्यांची पितृरेषा पश्चिम युरोपात सर्वांत जास्त आढळणाऱ्या गटात निघाली. वेल्समधल्या बहुसंख्य पुरुषांची तीच असते. ज्यांच्याशी जुळलं त्यांची आडनावं निरनिराळी होती, म्हणून व्याह्यांनी निकाल चुकीचा ठरवून टाकला. तो निकाल काय सांगत होता हे आम्हाला वर्षभराने कळलं.

काय केलं

*जमिनीच्या मागोमाग.* पेनसिल्व्हेनियात राज्यभर जन्म-मृत्यूची नोंद १९०६ मध्ये सुरू झाली. जनगणनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव १८५० पासून येतं. त्याआधी फक्त कुटुंबप्रमुख. माणसांचे कागद असे विरळ, पण जमिनीचे भरपूर. फोटोतलं दगडी घर चेस्टर काउंटीत ट्रेडिफ्रिनला होतं, म्हणून वेस्ट चेस्टरचा दफ्तरखाना गाठला.

तिथे मला माहेरी आल्यासारखं वाटलं. तिथल्या खरेदीखतात एक सोय असते: ही जमीन विकणाऱ्याकडे कशी आली याची हकिकत खतातच लिहिलेली असते. ‘हीच ती जमीन, जी अमक्याने आपल्या मृत्युपत्राने तमक्या मुलाला दिली, आणि त्याने…’ असं मागे मागे. म्हणजे सगळे फेरफार एकाच कागदात ओळीने! १७९४ च्या एका खताने आम्हाला जवळजवळ चाळीस वर्षं मागे, १७५६ च्या मृत्युपत्रापाशी नेऊन सोडलं. मृत्युपत्र जॉन एव्हन्सचं. बायबलातल्या पहिल्या माणसाचा हा पणजोबा.

*चर्च कुठलं?* व्याह्यांकडचे सगळे अँग्लिकन (इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या पंथाचे), त्यामुळे आम्ही रॅडनरच्या सेंट डेव्हिड्स चर्चच्या नोंदींत दोन आठवडे घातले. १७६० च्या आधी काहीच नाही. घराणं मुळात क्वेकर असेल असं मला तेव्हा सुचायला हवं होतं. रॅडनरच्या मासिक सभेच्या इतिवृत्तांत १७६२ ची नोंद सापडली: जॉनच्या मुलाने सभेबाहेरच्या मुलीशी पाद्र्याकरवी लग्न लावलं म्हणून त्याला सभेतून काढलं. वाळीत टाकणं नव्हे हे. प्रार्थनेला येऊन बसायला मनाई नव्हती, फक्त सभासदत्व गेलं. पण कागदावरून घराणंच नाहीसं झालं आणि चर्चच्या वहीत उगवलं. बहुतेक वंशवृक्ष याच बांधावर अडखळले होते.

*लग्नाचा कागद.* क्वेकरांच्या लग्नाला पुरोहित नसतो. वधूवर सभेत उभे राहून एकमेकांना शब्द देतात आणि हजर असलेले सगळे कागदावर सही करतात. नातेवाइकांच्या सह्या बहुधा वधूवरांच्या नावांखाली एका रांगेत. जॉनचा १७१८ चा कागद सभेच्या वहीत उतरवलेला मिळाला. वराच्या नावाखाली पहिलं नाव ‘इव्हान रीस’. त्याखाली ‘ग्वेन विल्यम’. मग ‘ग्रिफिथ रीस’. एव्हन्स एकही नाही!

व्याही म्हणाले, ‘मुलाच्या लग्नाला बाप आला नाही?’

बाप आला होता, पहिली सही त्याचीच होती. वेल्समधल्या बऱ्याच साध्या लोकांना तेव्हा कायमचं आडनावच नव्हतं. आपल्या नावातून आडनाव वगळलं तर जे उरतं तशी ती पद्धत: स्वतःचं नाव आणि बापाचं. गणेश महादेव, त्याचा मुलगा केशव गणेश. मधे ‘अप’ म्हणजे मुलगा, मुलीसाठी ‘वेर्ख’. रीसचा इव्हान तो इव्हान अप रीस. इव्हानचा जॉन तो जॉन अप इव्हान. इंग्रज कारकुनाने त्याला लिहिलं जॉन एव्हन्स, आणि पुढच्या पिढीपासून ते नाव गोठलं. काही ठिकाणी ‘अप’ नावातच मुरला: अप हॉवेलचा पॉवेल, अप रीसचा प्राइस, अप ह्यूचा प्यू. बायका लग्नानंतरही बापाचंच नाव लावत, म्हणून आईची सही ग्वेन विल्यम अशी. पहिल्यांदा वाचताना ती बाई मला शेजारीण वाटली होती.

म्हणजे एव्हन्स हे आडनाव वेल्समधून आलंच नव्हतं. ते पेनसिल्व्हेनियात, १७०० च्या आसपास जन्मलं. १६८२ चा कुठलाही एव्हन्स या घराण्याचा मूळपुरुष असण्याचं कारण नव्हतं आणि अटलांटिक ओलांडून त्या आडनावाने शोधत बसलेले सगळे रिकाम्या विहिरीत पोहरा सोडत होते. डीएनएमध्ये निरनिराळी आडनावं का जुळली याचा उलगडाही इथेच झाला. एकाच आजोबाच्या नातवंडांची आडनावं तीन असू शकत होती.

*बारावा महिना.* गाव सोडून जाणाऱ्या क्वेकराला त्याची जुनी सभा दाखला देई: माणूस सचोटीचा आहे, कर्ज बुडवून आलेला नाही. रॅडनरच्या सभेने वेल्समधून आलेल्यांचे दाखले वहीत उतरवून ठेवले आहेत. त्यांत इव्हान रीसचा सापडला. मेरिओनेथ परगण्यातल्या पेनलिन भागातल्या सभेने दिलेला, १६९० च्या पाचव्या महिन्यातला. ‘इव्हान रीस, त्याची पत्नी ग्वेन आणि दोन मुलं.’

पण मुलं तीन होती. जॉनच्या जन्माची तारीख सभेच्या नोंदीत होती: विसावा दिवस, बारावा महिना, १६९०. इंटरनेटवरच्या एका वृक्षात ती २० फेब्रुवारी १६९० अशी लिहिलेली. तसं असेल तर जॉन दाखल्याच्या आधी, वेल्समध्येच जन्मला, आणि दाखल्यात तीन मुलं हवी होती. आम्ही दोन महिने पेनलिनच्या पॅरिशांच्या (एकेका चर्चच्या हद्दीतल्या भागांच्या) वह्यांत जॉनचा बाप्तिस्मा शोधत होतो. क्वेकर मुलांना बाप्तिस्मा देत नाहीत हे माहीत असूनही, ‘न जाणो’ म्हणून.

चूक कशी लक्षात आली ते सांगते. क्वेकर महिन्यांना आकडे देत, कारण नावं मूर्तिपूजकांच्या देवांची. आणि इंग्लंड-अमेरिकेत १७५२ पर्यंत वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून पहिला महिना मार्च, बारावा फेब्रुवारी, इथपर्यंत त्या वृक्षवाल्यालाही जमलं होतं. मी कागदावर मार्च, एप्रिल लिहीत बसले होते आणि एकदम पाडवा आठवला. आपलं वर्ष चैत्रात सुरू होतं, मग माघ-फाल्गुन जुन्याच शकात येतात ना? तसाच १६९० चा बारावा महिना १६९० च्या शेवटी येतो, सुरुवातीला नव्हे. आपल्या हिशेबाने तो फेब्रुवारी १६९१. दाखला जुलै १६९० चा. जॉन इथे आल्यावर जन्मला. दोन मुलं बरोबर आली, तिसरं इथे झालं.

न मागितलेला कागद

मृत्युपत्राला जोडून मालमत्तेची यादी असते. जॉन एव्हन्सची १७५६ ची यादी मी व्याह्यांना मोठ्याने वाचून दाखवत होते. गाई, कातायची चाकं, गव्हाची पोती, पितळी घड्याळ. गाई आणि घड्याळ यांच्या मधल्या ओळीत: ‘एक निग्रो मुलगा, ४० पौंड.’ नाव नाही.

मी थांबले. व्याह्यांनी कागद हातात घेतला, चष्मा काढून पुन्हा वाचला आणि म्हणाले, ‘पण ते क्वेकर होते.’ क्वेकर होते, आणि त्यांच्यातल्या कितीतरी जणांकडे गुलाम होते. जर्मनटाउनच्या काही क्वेकरांनी १६८८ मध्येच याविरुद्ध लेखी निषेध केला होता. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम ठेवायला पूर्ण बंदी केली ती १७७६ मध्ये.

घराण्याच्या पुस्तकात ही ओळ घ्यायची का, हा आमच्या सगळ्या शोधातला सर्वांत अवघड निर्णय होता. विहीणबाईंचं मत नको असं. सून म्हणाली की गाई घेणार असाल तर तो मुलगाही घ्या, नाही तर पानच घेऊ नका. ती ओळ घेतली. त्या मुलाचं पुढे काय झालं ते आम्ही त्याच दफ्तरखान्यात दोन दिवस शोधलं. मिळालं नाही.

वेल्सच्या बाजूला

अबेरिस्टविथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात १८५८ पूर्वीची वेल्श चर्च-न्यायालयांतली मृत्युपत्रं आहेत आणि ती घरबसल्या, फुकट पाहता येतात. पेनलिन हा सेंट आसफच्या धर्मप्रांतातला भाग. तिथे १६९७ चं, रीस अप ग्रिफिथ याचं मृत्युपत्र मिळालं: थोरल्याला घर, ‘माझा मुलगा इव्हान याला एक शिलिंग’, ग्रिफिथलाही एक. नातवाला आजोबाचं नाव ठेवायची रीत पाहता इव्हान आणि ग्रिफिथ हे भाऊ इथे चपखल बसतात. तीन भाऊ नाही तरी दोन.

पेनसिल्व्हेनियाचा उल्लेख मात्र त्यात कुठेच नाही. आणि त्याच पॅरिशमध्ये रीस अप जॉन नावाचा दुसरा माणूस होता, त्यालाही इव्हान नावाचा मुलगा.

इथे आमचं वाजलं. रीस अप ग्रिफिथला धरलं तर जुन्या वेल्श वंशावळींच्या आधाराने वर सरकत राजापर्यंत जाता येण्यासारखं होतं, आणि व्याही सत्तरी उलटलेले. त्यांचं म्हणणं, एवढं जुळतंय तर मग अडवता कशाला. मी म्हटलं, खात्यात मी एकाच नावाच्या दोन माणसांच्या वारस नोंदी उलटसुलट झालेल्या पाहिल्या आहेत आणि त्यातून चाललेले दावेही पाहिले आहेत. सून मधे पडली. तक्त्यात इव्हान रीसपर्यंत सरळ रेघ काढायची, तिथून रीस अप ग्रिफिथपर्यंत तुटक, आणि त्याच्या वर काहीच नाही.

निष्पत्ती

व्याह्यांच्या हातात आज आहे ते असं: १६९० पासून सलग, प्रत्येक पायरीला कागद असलेली नऊ पिढ्यांची साखळी, मूळ भाग पेनलिन, बहुधा बाला गावाच्या आसपासचा, आणि पोविसचा राजा नाही. व्याही-विहीण बालाला जाऊन लिन तेगिद तलावाकाठी उभे राहून आले. फोटोत दोघंही पावसात भिजलेले आहेत.

इंटरनेटवरच्या वृक्षवाल्यांपैकी पाच जणांना आम्ही कागदांच्या प्रतींसह कळवलं. दोघांनी दुरुस्ती केली. एकीने उलट कळवलं की तिच्या आजीने ‘वेलकम’च सांगितलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक धर्माची. १७५६ चा माणूस चेस्टर काउंटीतला वेल्श आहे म्हटल्यावर आधी क्वेकर, मग बाप्टिस्ट, मग बाकीचे, असं बघायला हवं होतं. बाप्टिस्टांचीही एक तुकडी १७०१ मध्ये मिलफर्ड हेवनहून निघून आली होती आणि पुढे डेलावेअरमध्ये वसली. ती शक्यता आम्ही कधी तपासलीच नाही; क्वेकर सापडले म्हणून निभावलं.

दुसरी, डीएनए. खर्चाबद्दल तक्रार नाही. पण निकाल आल्यावर तो ‘चुकीचा’ म्हणून ड्रॉवरमध्ये टाकला, तो तसाच समोर ठेवायला हवा होता. आडनावं जुळत नाहीत, ही बातमी होती आणि आम्ही तिला बिघाड समजलो.

तिसरी माझी स्वतःची. लग्नाच्या कागदाचा फोटो पहिल्या भेटीतच काढला होता, पण फक्त वरच्या अर्ध्या भागाचा, कारण मला वधूवरांचीच नावं हवी होती. व्हिसा संपला, मी परत आले. सह्यांचा भाग पाहायला वर्ष गेलं. फेरफारावरच्या साक्षीदारांची नावं वाचल्याशिवाय पुढे जायचं नाही असं मी किती कारकुनांना बजावलं असेल!

आता सुनेला ग्वेनचं कूळ हवं आहे. तिच्याबद्दल आमच्याकडे लग्नाच्या कागदावरची एक सही आणि दाखल्यातला एक शब्द आहे. बापाचं नाव विल्यम. पेनलिनच्या वह्यांत मी पहिल्या दिवशी विल्यम मोजायला घेतले आणि अठ्ठावीसवर थांबले.